रोहण्यात लूक, आणि उंबऱ्याबाहेर मी

शाळा सुटल्यावर फळा पुसायचं फडकं नळावर धुवून आणायचं काम कुसुमला आणि मला मिळून दिलेलं होतं. ती एक टोक धरायची, मी दुसरं. दोघी उलट दिशांनी पिळायचो आणि खडूचं पांढरं पाणी आमच्या काळ्या बुटांवर सांडायचं. "तू सैल सोडतेस," ती म्हणायची. "तूच सोडतेस," मी म्हणायचे. मग फडकं वाळत टाकून आम्ही चिंचेखाली जायचो. त्या दिवसांत याहून विशेष काही घडत नसे, आणि आता तेच जास्त आठवतं.

हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं, नागपूरच्या कॉन्व्हेंटमधलं. फडकं सिस्टर ऑगस्टाच्या वर्गातलं. सिस्टर मंगळुरूकडची, उंच, बोलताना चष्मा हातात घेऊन फिरवणारी. ती आम्हाला इंग्रजी शिकवायची, आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला बायबलमधल्या गोष्टी सांगायची. ज्यांना ऐकायच्या नसतील त्यांनी शिवण घेऊन बसावं अशी मुभा होती. कुसुम बहुतेक शिवण घेऊन बसायची. पहिल्या बाकावर मी असायचे. पाठांतराचं बक्षीस दर वर्षी मला. सिस्टरची लाडकी कोण, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं.

पुढे माझं लग्न होऊन मी पुण्याला आले. कुसुम लग्न होऊन वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्याला गेली. शेती, म्हशी, मोठं घर. आमची पत्रापत्री चालू होती. ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात तिचं पत्र आलं. सिस्टर ऑगस्टा आता शाळेतून निवृत्त होऊन कारंजा घाडगेला मिशनच्या लहानशा दवाखान्यात असते. महिन्यातून दोनदा ती एसटीनं रोहण्याला येते आणि कुसुमच्या घरी, गल्लीतल्या बायकांना घेऊन, दोघी लूकचं शुभवर्तमान वाचतात. तेही नुसतं नाही, येशूच्या वेळचे ज्यू लोक कसे राहत, काय पाळत, ते सगळं समजून घेत. शेवटी लिहिलं होतं: "सिस्टर पावसाळ्याआधी कायमची मंगळुरूला परत जाणार आहे. यायचं तर आत्ताच ये."

पत्र वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झालं असं की मी पोळ्या करपवल्या. ज्या मुलीनं शुक्रवारचे सगळे तास काजं-बटणं करण्यात घालवले, तिच्या घरी सिस्टर चालून येते! मी नवऱ्याला सांगितलं, आठ-दहा दिवस वर्ध्याकडे जाऊन येते. मनात बेत पक्का होता. कुसुमकडे एक मुक्काम, तोंडदेखला. मग कारंज्याला जायचं आणि सिस्टर निघेपर्यंत तिच्याजवळ बसायचं. एकटीनं. लूक मला तिच्याबरोबर वाचायचा होता, आणि कुसुम मध्ये नको होती.

पुण्याहून रोहणा

नागपूरकडे जाणारी गाडी धरली तर वर्ध्यापर्यंत जायची गरज नाही, अलीकडे पुलगावला उतरायचं. मे महिन्यात दुपारी उतराल तर डोक्याला ओला पंचा हवाच. मी आणला नव्हता, आणि फलाटावरच्या पाणी पाजणाऱ्या बाईनं माझ्याकडे बघून "काय बाप्पा, उघड्या डोक्यानं निंगाली" म्हणून दोन तांबे जास्त पाजले.

पुलगावहून आर्वीला त्या वेळी छोटी गाडी जायची, अरुंद रुळांची, वाफेच्या इंजिनाची. तिकीट जवळजवळ फुकट म्हणावं इतकं स्वस्त. ती इतकी सावकाश जायची की डब्यातल्या एका आजोबांनी उतरून बाभळीच्या शेंगा तोडल्या आणि पुन्हा चढले. (आता ही गाडी बंद आहे. पुलगावहून एसटी मिळते, नाहीतर स्वतःची गाडी न्यावी.) दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, मध्येच एखादं हिरवंगार निंबाचं झाड. खिडकीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता.

रोहण्याच्या स्टेशनवर कुसुम उभी होती. अंगानं भरली होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मला मिठी मारून म्हणाली, "किती वाळलीस गं! पुण्यात खाऊ घालत नाईत का तुले?" तिच्या बोलण्यात वऱ्हाडी आलं होतं, सासरचं. घरी तिच्या सासूबाईंनी माझ्या पायावर पाणी घातलं, गूळ-पाणी दिलं, आणि जेवायला सरगुंडे केले. सरगुंडे म्हणजे गव्हाच्या पिठाच्या, काडीवर वळून वाळवलेल्या नळ्या. त्या उकडून आंब्याच्या रसाबरोबर खातात. विदर्भात उन्हाळ्यात जाणार असाल तर कोणाच्या तरी घरी ओळख काढा, हॉटेलात ते मिळत नाहीत.

जेवणानंतर आम्ही छपरीत बसलो. छपरी म्हणजे घराच्या पुढची, तीन बाजूंनी भिंती असलेली मोकळी खोली. कुसुम सांगायला लागली. लूकची सुरुवातच देवळात होते, धूप जाळणाऱ्या म्हाताऱ्या पुजाऱ्यापासून. बाळ येशूची आठव्या दिवशी सुंता होते. मग मरिया चाळीस दिवस पूर्ण झाल्यावर शुद्धीसाठी देवळात जाते आणि कोकरू परवडत नाही म्हणून पारव्यांची जोडी देते.

"मी म्हटलं, सिस्टर, हा तर आमचा सव्वा महिनाच झाला की बाळंतिणीचा!" कुसुम म्हणाली. "सिस्टर चष्मा हातात धरून बघतच राहिली माझ्याकडे. म्हणाली, इतकी वर्षं मी हे शिकवते, पण मला कधी असं दिसलं नाही."

मी तो सगळा भाग शाळेत इंग्रजीतून तोंडपाठ म्हटला होता, आणि टाळ्या घेतल्या होत्या. माझा येशू म्हणजे शाळेच्या जिन्यातल्या चित्रातला, निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा. तो ज्यू होता, त्याच्या आईनं बाळंतपणाचे दिवस पाळले होते, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. ज्यू म्हणजे त्याला त्रास देणारे लोक, एवढंच मला ठाऊक. आणि सिस्टरनं चष्मा हातात धरून माझ्याकडे असं कधीच बघितलं नव्हतं. टाळ्या वाजवल्या होत्या फक्त.

"चांगलं आहे," मी म्हणाले. "झोपू या आता, दमले मी."

चीक

दुसऱ्या दिवशी कुरडया होत्या. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, गाळून त्याचा चीक काढलेला. अंगणात चुलीवर मोठं पातेलं, गल्लीतल्या पाच-सहा बायका, खाटांवर धुतलेली धोतरं अंथरलेली. चीक ढवळायला जोर लागतो. मीही पदर खोचून बसले. सासूबाई म्हणाल्या, "पुन्याची पोरगी कामाची हाये वो!" मला बरं वाटलं, कुसुमकडे बघून जरा जास्तच बरं वाटलं.

तेवढ्यात पोटात कळ आली आणि मला कळलं की पाळी आली आहे, अजून आठवडा असताना. प्रवासाची दगदग. मी उठून कुसुमला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, कपडा मागितला. आमच्या पुण्याच्या घरात मी आणि नवरा दोघंच, तिथं कसलं पाळणं? शाळेतही नन्स गोळी द्यायच्या आणि वर्गात पाठवायच्या. त्यात लपवण्यासारखं काही आहे असंही मला वाटलं नाही, आणि लगेच उघड करण्यासारखं आहे असंही नाही.

कुसुमचा चेहरा पांढराफटक. "उलथणं खाली ठेव. तिथंच उभी राहा. कशाले हात लावू नको."

"कुसुम?"

"अगं, तू चीक ढवळला!"

सासूबाईंना सांगावंच लागलं. त्या मला रागावल्या नाहीत. पातेल्याकडे बघून म्हणाल्या, "चला, म्हशीची दिवाळी." तीन दिवसांचा गहू, सगळ्यांची सकाळची मेहनत, पातेलंभर चीक म्हशीपुढे गेला. माझ्यासाठी छपरीच्या कोपऱ्यात पोतं, वेगळी वाकळ, वेगळा तांब्या. शिवायचं नाही, आत यायचं नाही. गल्लीतली एक बाई जाताजाता म्हणाली, "शिकलेल्या बायाईले हे बी सांगा लागते काय?"

संध्याकाळी कुसुम लांबूनच ताट सरकवायला आली तेव्हा मी म्हणाले, "तू लूक वाचतेस ना गं? बायकांना समजावून सांगतेस?"

तिलाही लागलंच. पण ती कुसुम. म्हणाली, "शास्त्र शास्त्राच्या जागी, कुरडया कुरडयांच्या जागी. तू चार दिवसांनी पुण्याला जाशील. मले सासूसंग इथंच राह्यचं हाये."

खरी रड वेगळीच होती. सासूबाई म्हणाल्या होत्या की पाहुणी अशी मधूनच घराबाहेर पडू नये, न्हाऊनच जावी. म्हणजे कारंज्याचे माझे दिवस गेले. सिस्टरबरोबर एकटीनं बसायचे, मी पुण्याहून मोजत आणलेले दिवस रोहण्याच्या छपरीत पोत्यावर चालले होते. आणि दुसऱ्या दिवशी सिस्टरच इथं येणार होती, शेवटच्या वाचनाला. आत, माजघरात. कुसुमच्या.

सिस्टर येते

ती दुपारच्या एसटीनं आली. छत्री, कापडी पिशवी, केस सगळे पांढरे. अंगणात आली तशी मला ओळखली आणि थेट माझ्याकडेच वळली.

"सिस्टरबाई, तिकडं नोका जाऊ!" सासूबाई आतून ओरडल्या. "ते बाहेर बसली हाये!"

सिस्टर थांबली. माझ्याकडे बघितलं, पोत्याकडे, वेगळ्या तांब्याकडे. मग चष्मा काढला, पुसला, आणि माझ्या शेजारी त्याच पोत्यावर बसली. गुडघ्याला गुडघा लागला.

"आता काय व्हा?" सासूबाई दारात येऊन म्हणाल्या. "आता तुमाले बी आंघोळ करा लागन."

"करते की. संध्याकाळी करते," सिस्टर म्हणाली. तिचं मराठी पुस्तकी, शब्द तोडून बोलायची. "ज्यू लोकांतही असंच होतं, माय. जो तिला शिवेल, ती बसली तिथं बसेल, त्यानं कपडे धुवायचे, स्नान करायचं, आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं."

"मंग बराबर हाये," सासूबाई म्हणाल्या. "आंघोळ केली का झालं. त्यात पाप थोडीच हाये!"

"अगदी हेच," सिस्टर म्हणाली. "पाप नाही. पुष्कळ ख्रिस्ती लोकांना वाटतं ज्यू लोक त्या बाईला पापी समजत. तसं नव्हतं. देवळात जायचं तर स्वच्छ होऊन जायचं, एवढंच. कुसुम, पुस्तक इकडेच आण. आज लूकचा आठवा अध्याय."

बायका माजघरातून दाराशी सरकल्या. कुसुम उंबऱ्यावर बसली, आतल्या बाजूला, आणि मराठीतून वाचू लागली. गर्दी आहे, येशू एका मोठ्या माणसाच्या घरी चालला आहे, त्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकली आहे. आणि गर्दीत एक बाई आहे, बारा वर्षं जिचा रक्तस्राव थांबलेला नाही.

"बारा वर्सं?" सासूबाईंनी कुसुमला तिथंच अडवलं. "मंग तिच्या घरी सैपाक कोन करे?"

कोणी हसलं नाही. सगळ्या सिस्टरकडे बघत होत्या. सिस्टर म्हणाली, "लूक सांगत नाही."

"नवऱ्यानं दुसरी केली असन," चीक वाया गेला म्हणून कालपासून माझ्याकडे न बघणारी ती गल्लीतली बाई म्हणाली. आता मात्र सगळ्या हसल्या.

सिस्टर समजावत गेली. ती बाई मागून येते आणि त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते. हे गोंडे नटण्यासाठी नव्हते. ज्यू पुरुषानं वस्त्राच्या चारही टोकांना ते लावायचे, निळा दोरा घालून, म्हणजे चालता-बसता देवाच्या आज्ञा आठवतील. येशू ते घालत होता कारण तो आईच्या पोटापासून ज्यू होता. "ज्या आज्ञांमुळे ती बाहेर बसली होती," सिस्टर म्हणाली, "त्याच आज्ञांच्या गोंड्याला तिनं हात लावला."

सांगताना तिचा हात माझ्या हातावर होता. कुसुम उंबऱ्यावरून आमच्या हातांकडे बघत होती. तिचा चेहरा मी ओळखला, कारण कालपर्यंत तो माझा होता. मला इतकं बरं वाटलं की पुढचं अर्धं वाचन मला ऐकूच आलं नाही.

शेवटी सिस्टरनं विचारलं, "ती गुपचूप आली, गुपचूप बरी झाली. मग त्यानं गर्दीत थांबून, मला कोण शिवलं, असं का विचारलं? बिचारीला सगळ्यांसमोर सांगावं लागलं. दया असती तर तिला गुपचूप जाऊ दिलं असतं ना?"

मी लगेच म्हणाले, "तिची श्रद्धा सगळ्यांना दिसावी म्हणून."

"हे बक्षिसाचं उत्तर झालं," सिस्टर म्हणाली आणि हसली. कुसुमही हसली. सिस्टरनं प्रश्न तसाच ठेवला, मागच्या विहिरीवर आंघोळ केली, आणि संध्याकाळच्या एसटीनं गेली.

पाणी

मी न्हाले त्या सकाळी अंगणात पुन्हा बायका जमल्या होत्या, पापडांसाठी. मी ओले केस घेऊन उंबऱ्याशी उभी राहिले. आत जावं की नाही कळेना. मी शुद्ध झाले हे मी कोणाला सांगणार? आणि मी सांगून कोण मानणार? कुसुम पापड लाटत होती, वर बघेना. त्या घरची रीत तिला माहीत होती, मला नव्हती.

सासूबाई बायकांच्या मध्ये बसल्या होत्या. त्यांनी मोठ्यानं हाक दिली, गल्लीला ऐकू जाईल अशी. "नंदा! आतून मले पानी आनून दे बरं."

मी आत गेले, माठातलं पाणी तांब्यात घेतलं, आणून त्यांच्या हातात दिलं. त्या सगळ्यांच्या देखत प्यायल्या, सावकाश, तांब्या रिकामा होईस्तोवर. मग तोंड पुसून म्हणाल्या, "बस. लाट पापड." शेजारची बाई सरकली. तिनंच लाटणं पुढे केलं.

मी पापड लाटायला बसले. मला सिस्टरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, आणि ते एकट्या सिस्टरला, एकटीनं जाऊन सांगायचं होतं.

कारंजा

"एकटी कशी जाशील?" कुसुम म्हणाली आणि डबा घेऊन निघाली. एसटीत खिडकीही तिनंच घेतली.

रोहण्याहून आर्वी, आर्वीहून तळेगाव श्यामजी पंत, तिथं गाडी बदलायची. थांबायला लागलं तर स्टँडवर आलुबोंडा खा, पण वरची तर्री आधी थोडी चाखून बघा, मी चाखली नाही आणि डोळ्यांतून पाणी काढलं. तळेगावला नागपूर-अमरावती हमरस्ता लागतो आणि तिथून कारंज्यापर्यंत ट्रकच ट्रक. कारंज्यातले ढाबे सरळ आहेत, डाळ, रोटी, कांदा, वर खाट. बायका-बायकांना जरा बिचकायला होतं, पण मालक "बहनजी, इधर पंखे के नीचे" म्हणून जागा करून देतात. आता रस्ता रुंद झाला आहे, नागपूरहून गाडीनं आरामात जाता येतं.

दवाखान्यामागच्या खोलीत सिस्टरची ट्रंक भरलेली होती. मी बसायच्या आधीच बोलले. "सिस्टर, ती गुपचूप गेली असती तर कोणी मानलं नसतं. बरी झालेय हे तिनं स्वतः सांगून चालत नाही. ज्याचं लोक ऐकतात त्याला चारचौघांत म्हणावं लागतं. येशूनं तिला मुली म्हणून हाक मारली, सगळ्यांसमोर. तिला घरात घेतलं त्यानं." आणि मग पाण्याची गोष्ट सांगितली.

सिस्टरनं चष्मा काढला. हातात धरला. माझ्याकडे बघत राहिली. ज्यासाठी मी पुण्याहून आले होते ते मला मिळत होतं.

मग ती कुसुमकडे वळून म्हणाली, "कुसुम, तुझ्या घरानं शिकवलं हिला."

कुसुमनं मान खाली घातली, पण हसू लपलं नाही. काय करावं त्या बाईला!

निघताना सिस्टरनं ट्रंकेतून दोन पुस्तकं काढली. ज्यू लोकांच्या चालीरीतींवरचं जाडजूड, चित्रांचं, ते कुसुमला. "तुझ्याकडे बायका येतात. हे इथंच लागेल." मला तिचा स्वतःचा लूक, पातळ, इंग्रजी, पानोपानी पेन्सिलीनं लिहिलेला. आठव्या अध्यायाच्या कडेला तिनं माझ्या देखत एक ओळ लिहिली: सासू पाणी मागते.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. मी तिच्या मांडीवरच्या जाड पुस्तकाकडे बघत होते. त्यात सगळं होतं, देऊळ, सण, गोंडे. इतकं महत्त्वाचं, आणि ते तिला मिळालं. तळेगाव आल्यावर ती म्हणाली, "तुले तिचं अक्षर मिळालं." मी माझा लूक पदराखाली घेतला.

घरी

पुण्याला आल्यावर मी लूक पुन्हा वाचला, आणि त्यानंतर किती वेळा, मोजलं नाही. शुक्रवारच्या तासातल्या त्या गुळगुळीत गोष्टी परत कधी वाचता आल्या नाहीत. आता त्यात अंगणं दिसतात, विहिरी, सव्वा महिना, दारात उभ्या राहून प्रश्न विचारणाऱ्या सासवा. शाळेच्या जिन्यातला निळ्या डोळ्यांचा माणूस कुठं गेला कोण जाणे. त्याच्या जागी काळ्या दाढीचा, गोंड्यांचं वस्त्र घातलेला एक ज्यू घरातला मुलगा आला, तोच राहिला.

आणि हेवाही राहिला. सिस्टर पुढे मंगळुरूलाच वारली. तिनं शेवटचं पत्र कोणाला लिहिलं यावर कुसुमचं आणि माझं अजून एकमत नाही. मी जाड पुस्तक आठ दिवसांसाठी मागितलं, तिनं दिलं नाही. तिनं लूक मागितला, मी दिला नाही. सासूबाई गेल्या तेव्हा मी रोहण्याला गेले, तिथंही मी तिचं कपाट नजरेनं चाचपलं, आणि तिनं माझी पिशवी. तिच्याकडे अजून बायका येतात. माझ्याकडे कोणी येत नाही, हेही लिहून ठेवते.

हा ब्लॉग माझी भाची मंजिरी टाइप करून देते, म्हणून माझ्यामागं कोणाला काय द्यायचं ते इथंच सांगते, मंजिरी, म्हणजे वेगळा कागद नको. माझ्या कांजीवरम साड्या तुझ्या. पितळी डबे कामाला येणाऱ्या सुरेखाला, तिला त्यातला मोठा आवडतो. इंग्रजी पुस्तकं वाचनालयाला, त्यांनी नको म्हटलं तरी ठेवून यायची. सिस्टरचा लूक मात्र कुसुमला, कुरिअरनं नाही, तू स्वतः रोहण्याला जाऊन तिच्या हातात द्यायचा. पेन्सिलीचं काही पुसायचं नाही. ती बदल्यात जाड पुस्तक देऊ करेल, ते घ्यायचं नाही, तिच्याकडेच राहू दे. दोन्ही पुस्तकं तिच्याकडे गेल्यावर तिला हेवा करायला कोणी उरणार नाही, त्याचं काय करायचं ते तिचं तिनं बघावं.